थिसिस, नोकरी आणि रविवार

(पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



मला इथं बोलावणाऱ्या मित्राला मी आधीच सांगितलं होतं, बाबा, आपण मॅट्रिक. समोर बसलेल्यांतला कुणी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला, कुणी पीएच.डी.च्या पाचव्या-सहाव्या वर्षाला लोंबकळतोय. त्यांना मी काय डोंबल सांगणार? तो म्हणाला, जे बघतोस ते सांग.

तर बघतोय ते असं. गेली सहा वर्षं आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत एक थिसिस राहतो. पोटमाळ्यावर त्याचं बिऱ्हाड. तांदळाच्या डब्याशेजारी झेरॉक्सचे गठ्ठे. माझी थोरली बहीण पीएच.डी. करते. विषय, मुंबईचे गोदी कामगार आणि त्यांच्या वस्त्या. मी गोदीत कंत्राटी हमाल. म्हणजे घरात एकजण गोदीवर लिहितो आणि एकजण गोदीत राबतो. तिचे झेरॉक्स मी वाहतो, तिच्या पानांचे आकडे मी तपासतो, तिनं खोडलेलं मी रात्री वाचतो. या विषयात आपली डिग्री नाही, हजेरी आहे.

आज बोलायचं ते शेवटच्या टप्प्याबद्दल. थिसिस पुरा करायचा, त्याच वेळी नोकरी शोधायची, आणि त्याच वेळी जगायचं. हसायचं, हुंदडायचं, सिनेमा बघायचा, कुणावर जीव लावायचा. तिन्ही एकदम. तुमचे मास्तर म्हणतात, आधी थिसिस. घरचे म्हणतात, आधी नोकरी. आणि जगण्याचं नावच कुणी काढत नाही.

आधी हिशेब मांडू. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे नियम सांगतात, पीएच.डी.ला कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. वर दोन वर्षांची मुदतवाढ मिळू शकते. बायांना आणि चाळीस टक्क्यांवर अपंगत्व असणाऱ्यांना आणखी दोन. आता पैसा बघा. फेलोशिप दोन वर्षं ज्युनियर, तीन वर्षं सीनियर, मिळून पाच. १ जानेवारी २०२३ पासून ज्युनियरला महिना ३७,००० आणि सीनियरला ४२,००० रुपये असा यूजीसीचा दर झाला. आकडा चांगला आहे. मला तेवढं मिळत नाही. पण वजाबाकी करा. काम सहा वर्षांचं, आठापर्यंत ताणणारं. पैसा पाच वर्षांचा. शेवटची चढण जिथं सुरू होते, नेमका तिथंच नळ बंद.

ज्याचा बाप प्राध्यापक आहे, त्याचाही नळ बंद होतो. पण त्याच्या घरी टाकी भरलेली असते. आपल्या घरी टाकीच नाही. उलट पाच वर्षं आपल्याच नळावर सगळ्या घराच्या बादल्या लागलेल्या असतात. भाडं त्यातून, धाकट्याची फी त्यातून, म्हातारीचं औषध त्यातून. आणि ती फेलोशिप तरी कधी वेळेवर येते? २०२३ साली बार्टीच्या फेलोशिपसाठी आपलीच पोरं-पोरी आझाद मैदानात बसली होती. मैदानात गेलेले दिवस थिसिसमधूनच वजा होतात. ते दिवस कुठल्या प्रगती अहवालात लिहायचे, सांगा.

आमच्या घरी गेल्या वर्षी नळ बंद झाला. दोन प्रकरणं लिहायची राहिलेली. एका रात्री ताई म्हणाली, बस झालं, मी एखाद्या दुकानाच्या काउंटरवर उभी राहते. मी म्हटलं, मी डबल पाळी करतो, तू लिही. ती भडकली. म्हणाली, "तू पाठ मोडून घेणार आणि मी त्या पाठीवर कागद ठेवून लिहिणार? असला थिसिस मला नको." आई मधे पडली. म्हणाली, "दोघं बी गप बसा. जेवा आधी. उपाशीपोटी निर्णय घ्यायचा नसतो." जेवलो. मग पाठकोऱ्या कागदावर महिन्याचा हिशेब मांडला. दुकानात बारा तास उभं राहिलं तर थिसिस मेला. नुसतं घरी बसून लिहिलं तर तिसऱ्या महिन्यात भाडं थकलं. मधली वाट निघाली ती एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. आठवड्याला थोडे तास, थोडे पैसे, आणि सकाळ थिसिसला मोकळी.

आता ही तासिका काय भानगड आहे ते मला गोदीमुळं कळलं, आणि गोदी काय होती ते मला ताईच्या तिसऱ्या प्रकरणामुळं कळलं. ऐका.

माझा आजा जवानीत गोदीच्या गेटवर उभा राहायचा. सकाळी गर्दी जमायची. मुकादम यायचा, टोळीवाला यायचा, बोट दाखवायचा. तू ये, तू ये, तू जा. ज्याच्याकडं बोट वळलं त्याची चूल पेटली. बाकीचे परत. बोट नाही तर रोजी नाही, मुकादमाची मर्जी नाही तर बोट येऊनही रोजी नाही. पुढं १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा झाला. त्याखाली मुंबईत १९५१ साली डॉक लेबर बोर्ड उभं राहिलं. नोंदणी झाली. काम पाळीपाळीनं वाटलं जाऊ लागलं. हजर राहिलास आणि काम नसलं, तरी हजेरीचे पैसे. महिन्यातल्या काही दिवसांच्या मजुरीची हमी. हे कुणी ताटात वाढून दिलं नाही. पी. डिमेलोंसारख्या माणसांनी गोदी कामगारांना संघटित केलं, संप झाले, तेव्हा मिळालं. गोदीलगतच्या रस्त्याला आज डिमेलोंचं नाव आहे, त्या रस्त्यानं जाताना एकदा पाटी वाचा.

आजा बोर्डाचा माणूस झाला. बापही बोर्डावर लागला. १९८९ साली पलीकडं न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं, कंटेनर तिकडं वळले. १९९४ साली बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. पोर्ट ट्रस्टचंही २०२१ च्या कायद्यानं पोर्ट ॲथॉरिटी झालं. बाप कायम म्हणून निवृत्त झाला. आणि मी? मी कंत्राटदाराच्या वहीतलं नाव. उद्या वहीचं पान फाटलं तर मी नाही. आजा जिथून सुटला त्याच गेटवर नातू येऊन उभा आहे.

आणि नात? नात कॉलेजच्या गेटवर. तासिका तत्त्वावर म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढे पैसे. परीक्षा लागली, तास बंद. सुट्टी लागली, पैसे बंद. जूनमध्ये पुन्हा नवा अर्ज, नवी मुलाखत, नवं बोट. मुकादमाच्या जागी समिती आली एवढंच. माझ्या बहिणीजवळ एम.ए. आहे, सेट आहे, थिसिस होत आलाय, आणि आम्ही दोघं एकाच पद्धतीनं मजुरी घेतो. शिक्षणानं मजुरी सुटते असं आम्हांला लहानपणी सांगितलं होतं. सुटते, पण शिक्षण एकट्यानं ती सोडवत नाही. आजाला मॅट्रिकनं कायम केलं नव्हतं, तो तर अंगठेबहाद्दर होता. त्याला संघटनेनं कायम केलं होतं.

म्हणून पहिली गोष्ट. नोकरी शोधणं हे एकट्यानं, रात्री, लाजत, मोबाईलच्या उजेडात करायचं काम नाही. जागा कुठून येतात ते बघा. २०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि मार्च २०१८ मध्ये यूजीसीनं परिपत्रक काढलं. आरक्षण मोजायचं ते सगळं विद्यापीठ धरून नाही, एकेक विभाग धरून. तेरा बिंदूंचं रोस्टर. त्यात अनुसूचित जातीचा नंबर सातवा, आदिवासींचा चौदावा. विभागात जागा असतात तीन नाहीतर चार. सातवी जागा निघणार कधी? आमची नातवंडं म्हातारी झाल्यावर? देशभरची पोरं आणि मास्तर रस्त्यावर आले. ५ मार्च २०१९ ला भारत बंद झाला. त्याच महिन्यात अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. केंद्राच्या संस्थांत पुन्हा सगळी संस्था एकक धरली गेली. तुमच्यातल्या कुणाला उद्या केंद्रीय विद्यापीठात जागा मिळाली तर त्या ऑर्डरच्या कागदात त्या बंदचा घाम आहे, हे विसरू नका.

दुसरी गोष्ट, कामाची. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापक व्हायला नेट किंवा सेट ही किमान अट झाली आणि पीएच.डी. ऐच्छिक ठरली. म्हणजे "आधी थिसिस संपवू, मग नेट बघू" हा क्रम आता धोक्याचा. उलटं करा. नेट-सेट आधी मोकळी करून टाका. आणि परीक्षेच्या भरवशावर सगळं वर्ष टांगू नका. १८ जून २०२४ ला नेट झाली आणि दुसऱ्याच दिवशी रद्द झाली. पोरांनी गाडीभाडं खर्चलं, लांबच्या सेंटरवर गेली, दमून घरी आली, तर बातमी, परीक्षाच झाली नाही असं समजा. मग ऑगस्टअखेर-सप्टेंबरात पुन्हा. ज्यानं त्या उन्हाळ्यात दुसरं काहीच धरलं नव्हतं त्याचे तीन महिने पाण्यात. मालाचं सगळं वजन एका दोरावर घ्यायचं नसतं, हे आमच्या गोदीत पोरसवदा हमालालाही कळतं.

तिसरी गोष्ट कागदांची. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका, नेट-सेटचं सर्टिफिकेट, शिकवल्याचा अनुभवाचा दाखला. हे सगळं एका पिशवीत, दोन-दोन प्रतींत. वैधता नाही म्हणून हातातली जागा गेलेली पोरं मी बघितली आहेत. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जात विसरू दिली नाही, त्यांनाच जात सिद्ध करायला वर्षभर खेटे मारायला लावतात. राग येतो ना? येऊ दे. पण अर्ज आजच टाका. रागावून बसलो म्हणून मुदत थांबत नाही.

आणि थिसिसच्या बाबतीत नियम वाचा. पंचाहत्तर संदर्भग्रंथ वाचता, मग स्वतःला लागू असलेले चार कागद का वाचत नाही? २०२२ चे नियम म्हणतात, थिसिस सादर केल्यापासून तपासणीपासून मौखिक परीक्षेपर्यंतचं सगळं सहा महिन्यांत उरकायची व्यवस्था विद्यापीठानं करावी. बाहेरचे दोन तरी परीक्षक असतात. आता वर्षभर कागद हलत नसेल तर हात जोडून उभं राहण्याऐवजी लेखी विचारा, नियमाचा आधार देऊन विचारा, पोच घ्या. एकट्याची भीती वाटत असेल तर पाचजण मिळून विचारा. शोधनिबंध छापून आणायची जी सक्ती आधी होती तीही या नियमांत उरलेली नाही. कुठलं विद्यापीठ आपली वेगळी अट घालतं का ते बघा, पण भलत्या-सलत्या मासिकाला पैसे मोजून निबंध छापायला धावू नका. तो पैसा घरच्या किराण्याचा असतो.

आता बाबासाहेबांकडं येतो. आपल्याकडं कुणी अभ्यासात थकला की लगेच ऐकवतात, बाबासाहेब अठरा-अठरा तास वाचत होते, तुला काय झालं? जयंतीला आपण अठरा तास अभ्यासाचा उपक्रम घेतो. मीही बसलोय. चांगला उपक्रम आहे. पण तो एका दिवसाचा मानाचा मुजरा आहे. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस तो चाबूक म्हणून वापरायचा नसतो. बाबासाहेबांचा शेवटचा टप्पा कसा गेला ते नीट बघा, मग बोला.

१९१६ साली ते लंडनला पोचले. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. त्यांचं सामान, पुस्तकं ज्या बोटीवर होती ती बोट जर्मन पाणबुडीनं बुडवली. बडोद्यात नोकरी धरली, तिथं राहायला जागा मिळू दिली नाही. १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी धरली. पैसा पैसा साठवला. शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेनांकडून कर्ज घेतलं, आणि १९२० साली पुन्हा लंडन. १९२१ ला एम.एस्सी., १९२२ ला बॅरिस्टर. त्याच वर्षी ऑक्टोबरात 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा डी.एस्सी.चा थिसिस दिला. १९२३ च्या मार्चमध्ये परीक्षकांनी तो बदल करायला सांगून परत केला. खिसा रिकामा. एप्रिलमध्ये मुंबई. इथं बसून थिसिस दुरुस्त केला, मधेच जुलैत हायकोर्टात वकिलीची सनद घेतली, ऑगस्टात थिसिस पुन्हा पाठवला, नोव्हेंबरात तो मान्य झाला.

काय दिसतं यात? फेलोशिप संपली, तसे ते थांबले. थांबून नोकरी केली. कर्ज काढलं. थिसिस परत आला तो पुन्हा लिहिला. पोटाची सोय आणि थिसिस यांची एकाच वेळी मोट बांधली. सात वर्षं लागली. तुमचा थिसिस गाइडनं परत केला म्हणून तुम्ही तोंड लपवून हिंडता? जगातल्या मोठ्या विद्वानांत ज्याची गणना होते त्याचाही परत आला होता.

आणि इकडं मुंबईत रमाई. अर्धपोटी घर चालवत होती. लेकरं गमावत होती. प्रत्येक थिसिसमागं कुणीतरी असं असतं, बहुतेक वेळा बाईच असते. तुमच्या थिसिसच्या ऋणनिर्देशात गाइडला पाऊण पान आणि आईला एक ओळ असते. मी म्हणतो, आईला वाढवून द्याच, पण त्याआधी आज घरी जाऊन भांडी घासा. विशेषतः पोरांनो, तुम्हांला सांगतोय. आणि ज्या पोरी इथं बसल्यात त्यांच्या बाबतीत तर चौथं ओझंही आहे. शेवटच्या वर्षालाच नेमकी स्थळं येतात. ताईला तीन आली. तिघांनाही पीएच.डी. चालत होती, फक्त "नंतर पुरी करील" म्हणत होते. ताईनं चहा दिला आणि वाटेला लावलं.

आता मजेची गोष्ट. मुद्दाम शेवटाकडं ठेवली, कारण इथंच सगळे चूप बसतात.

ताईच्या खात्यातले एक सर, नाव घेत नाही, तिच्या हातात कॉफीचा कप बघून म्हणाले, "मजा आहे बुवा तुमची, सरकारच्या पैशावर." त्याच टेबलावर दुसरी एक मुलगीही कॉफी पीत होती. तिलाही फेलोशिप होती. तिच्या कपात सरांना नुसती कॉफी दिसली. आपल्या पोरीच्या कपात सरकारी तिजोरी दिसली. म्हणजे आपलं दुःख कुणी मोजत नाही, पण आपली मजा सगळे मोजतात. नवा शर्ट घातला, मोजतात. सिनेमाला गेला, मोजतात. आणि वाईट हे, की हळूहळू आपणच मोजायला लागतो. ताई महिनाभर कँटीनला गेली नाही. बाटलीतलं पाणी पिऊन लिहीत बसायची. त्या महिन्यात तिनं किती पानं लिहिली? सहा. मीच आकडे टाकले होते, मला ठाऊक आहे.

मला गोदीतलं ठाऊक आहे ते सांगतो. पाळीच्या शेवटच्या तासात हात घसरतो. पहिल्या तासात नाही. माल तोच, हुक तोच, माणूस तोच, पण थकलेला. म्हणून जुने हमाल शेवटच्या खेपांआधी बसतात. पाणी पितात, एकमेकांची टर उडवतात, मग उठतात. नवखा पोरगा ताकद दाखवायला सलग ओढतो आणि बोट चेचून घेतो. विश्रांती हा कामाचाच भाग आहे, हे आमच्याकडं बोटं मोजून सिद्ध होतं.

आणि रविवार म्हणता, तर रविवार आपल्याला कुणी दिला? आकाशातून पडला? मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवार नव्हता. जोतिरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मिलहँड असोसिएशन उभी केली. सभा घेतल्या, अर्ज केले, हजारो गिरणी कामगार जमवले, त्या सभेत बायकाही बोलल्या. मालक हटत नव्हते. अखेर १० जून १८९० ला गिरणी मालकांनी साप्ताहिक सुट्टी कबूल केली. म्हणजे रविवार हा लढून घेतलेला आहे. जो कार्यकर्ता, जो संशोधक छाती काढून सांगतो की मी रविवारीही काम करतो, तो लोखंड्यांनी मिळवलेलं परत मालकाच्या हवाली करतो. आपली चळवळ तरी गाण्याशिवाय कधी चालली? १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव गेले, लोक हसले, लोक रडले, आणि हसता हसता शहाणे झाले. बाबासाहेब पुढच्या वयात व्हायोलिन शिकायला बसले, चित्रं काढायला बसले. त्यांना वेळ होता म्हणून? राज्यघटना लिहिलेल्या माणसाला वेळ नव्हता. त्यांनी तो काढला.

आमच्या भिंतीवर आता एक कागद चिकटवलेला आहे. तुमच्या कामाचा असेल तर घ्या. पहाटे पाच ते आठ थिसिस. नळाला पाणी येतं त्या वेळी मी भरतो, तिनं उठायचं नाही. दुपारी तास. बुधवारची संध्याकाळ फक्त अर्जांची. जाहिराती बघायच्या, फॉर्म भरायचे, पत्रं लिहायची. बाकीच्या दिवशी नोकरीचं नाव काढायचं नाही, कारण रोज थोडी थोडी काळजी केली की ना अर्ज होतो ना प्रकरण. अर्जांच्याही दोन याद्या. एक, आज पैसे देणारी आणि सकाळ मोकळी ठेवणारी कामं. दुसरी, ज्यासाठी वाट बघायची अशी कायमची जागा. पहिल्या यादीतल्या कामाला कमी समजायचं नाही आणि त्यातच कायम रुतायचंही नाही. आणि रविवारी कागदाला हात लावायचा नाही. ताई मैत्रिणींबरोबर लोकलनं निघते. कधी चौपाटी, कधी कुणाच्या चाळीत गाण्याचा सामना, कधी नुसतंच गच्चीवर दाण्यांची पुडी घेऊन बसणं. पैसे फारसे लागत नाहीत. पहिल्या रविवारी तिला चोरी केल्यासारखं वाटलं. चौथ्या रविवारी मोठ्यानं हसत घरी आली. पाचवं प्रकरण तिनं सात आठवड्यांत लिहून काढलं. आता एकच उरलंय.

एक गोष्ट हळू आवाजात सांगतो. रोहित वेमुला हे नाव तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. जानेवारी २०१६. त्याची सात महिन्यांची फेलोशिप अडकली होती. डॉ. पायल तडवी इथं आपल्या मुंबईत, मे २०१९, पदव्युत्तरचं शिक्षण घेत होती. ही माणसं कमजोर नव्हती. लढणारी होती. पण लढणाऱ्यालाही माणसं लागतात. शेवटच्या टप्प्यात मित्र पांगतात, बॅचमधले नोकरीला लागतात, हॉस्टेलची खोली सोडायची नोटीस येते, आणि माणूस एकटा पडतो. तुमच्यातला कुणी आठवडाभर दिसला नाही तर त्याच्या दारावर थाप मारा. थिसिस विचारू नका, जेवलास का ते विचारा. आणि ज्याला आतून अंधारल्यासारखं होतंय त्यानं बोलावं. सरकारची टेली-मानस म्हणून फोनसेवा आहे, १४४१६, फुकट. डॉक्टरकडं जाण्यात लाज नाही. कंबर धरली तर आम्ही डॉक्टरकडं जातोच ना? मनही राबतं, तेही धरतं. आपल्याला कुणी शहीद नकोय. आपल्याला म्हातारे झालेले, चष्मा लावलेले, नातवंडांना ओरडणारे प्राध्यापक हवेत.

आता इथून उठताना काय करायचं ते बोलू. नुसत्या टाळ्यांनी काही होत नाही. या हॉस्टेलात शेवटच्या वर्षाला असलेल्यांची एक यादी करा. पंधरा दिवसांतून एकदा जमा, एकमेकांचं एकेक प्रकरण वाचा, एकमेकांचे नोकरीचे अर्ज तपासा. जाहिरात दिसली की लपवू नका. एका जागेसाठी आपलेच दोघे भांडले तर समितीला "योग्य उमेदवार मिळाला नाही" असं लिहायला सोपं जातं. दोघं तयारीनं गेले तर तिला तेच लिहायला जड जातं. ज्यांना नोकरी लागली आहे त्यांनी महिन्याला थोडे पैसे एका डब्यात टाकावेत. ज्याची फेलोशिप संपली त्याच्या टायपिंगला, बाइंडिंगला, मुलाखतीच्या गाडीभाड्याला ते जातील. नवल भथेना सगळ्यांच्या नशिबात नसतो, पण दहाजण मिळून एक भथेना होता येतं. डब्यात पहिले शंभर रुपये माझे, कालच्या पाळीतले.

आणि तासिकेवरच्या सगळ्या मास्तरांना माझा निरोप द्या. आमच्या आजांनी गेटवरून आत जाताना आधी एकमेकांची नावं विचारली होती. तुम्ही एकाच स्टाफरूममध्ये वर्ष वर्ष बसता आणि शेजारच्याला किती तास आहेत हे ठाऊक नसतं. विचारा. तिथूनच यादी होते, यादीतून संघटना होते, आणि मग हजेरीचे पैसे मागता येतात.

अर्ज बुधवारी टाका. थिसिस सोमवारी धरा. परवा रविवार आहे. हुंदडून या.

जय भीम.